पाय हालू द्याचा नाई

अकोटच्या जिनिंगात देवमनची नोकरी कापूस पारखायची. किडका, सडका, कसाही कापूस येऊ द्या, हा बाप्पा कोपरापर्यंत हात खुपसून सांगे, कवडी हाय, किडक्या बोंडाचा माल. त्याची त्याले कधी घिन आली नाई. पण घरात बायकोच्या, भागीरथाच्या, अंगावरून जाऊ लागलं, लुगड्याले वास याले लागला, तवा यानं तिची बाज गोठ्यात टाकली. ढोरांजवळ. वर्षभर. ताट बी दुरून सरकवे.

शेवटी मेहुणा रामराव येऊन शिव्या घालून गेला, तवा तिले अमरावतीले नेलं. सासष्ट सालची गोष्ट. एस्टीत ती मागच्या बाकावर, हा चार बाकं पुढं, नाकाले रुमाल लावून.

डाक्टरनं तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणे. पोटात सगळ्यांलेच रसाच्या बारीक गाठी असतात, त्यांत उतरला नसन तर कापून काढू. उतरला असन तर कापण्यात अर्थ नाई, नुसता मशीनच्या किरणांचा शेक द्याचा, आन् मंग भरवसा नाई. उतरला का नाई ते पाहाची तरकीब तो मुंबईहून शिकून आलता. पायाच्या बोटांत निळं औषध टोचलं की पायावर बारीक निळी रेघ उमटे. तिथं चीर देऊन, केसावानी नळीत सुई घालून, तेलाचं औषध दोन घंटे हळूहळू सोडाचं. ते चढत चढत गाठींत जाऊन बसे. दुसऱ्या दिवशी एक्सरेचा फोटो काढला की गाठी दिसत. पण पाय हालला की सुई निघे.

"नवरा ना तुमी? धरा पाय."

देवमननं श्वास कोंडून पाय धरले. टाचांच्या भेगांत शेण वाळलेलं. घोट्यावर गोचिडं चावल्याचे फोड, काही पिकलेले. दोन घंटे दुसरं पाहाले काई नव्हतं. गोठ्यात ती बाज त्यानंच टाकली होती.

भागीरथा छताकडं पाहत पडली होती. एकदाच बोलली.

"बैलाच्या खुराखाली येईन म्हून पाय पोटाशी घेऊन निजत होती. आज पयल्यांदा एवढे लांब केले."

दुसऱ्या दिवशी डाक्टरनं फोटो उजेडावर धरला. गाठी जवारीच्या दाण्यांवानी पांढऱ्या. दोन दाणे एका अंगानं कुरतडलेले. डाक्टरनं बोट ठेवाच्या आधीच देवमन म्हणाला, "किडले."

डाक्टरनं मान हालवली. शेकासाठी नागपूरले न्या, म्हणे. वर्षाआधी आणली असती तर कदाचित हे दाणे साफ असते.

बाहेर भागीरथा बाकड्यावर बसली होती. पाय अजून निळे, एका पायाची पट्टी सुटलेली.

"काय निघालं?"

तो खाली बसला आन् तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी गुंडाळू लागला. ती त्याच्या हाताकडं पाहत राहिली. तिले समजलं. मंग टाका दुखत होता तरी तिनं पाय हळूच मागं ओढला.

"फोटो निघाला ना," ती म्हणाली. "सोडा आता."

आन् नाकाले पदर लावून ती तोंड फिरवून बसली.