घोंगडीवरचा परका गडी

मित्रांनो, आष्टीच्या बाजारात कडुनिंबाखाली अंथरलेली, कडेला लोकर खाणारी कसर लागलेली काळी घोंगडी तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती मीच.

माझी लोकर धुळाजीच्या मेंढ्यांची. ती कातली त्याच्या बायकोने, भामाबाईने, मेंढरांमागे चालता चालता. मग सणगराने मला मागावर विणले आणि चिंचोक्याची खळ लावून इतके कडक केले की पहिल्या वर्षी मी प्रत्येकाच्या अंगाला टोचत असे. "मालकावर गेली हाय," भामाबाई म्हणायची. तिचे काही चुकत नव्हते.

पावसात मी धुळाजीच्या डोक्यावरची खोळ झाले, थंडीत कोकरांचे पांघरूण झाले. पुढे भामाबाई वारली, मेंढरे पुतण्याकडे गेली आणि माझ्या नशिबी पत्ते आले. दर बाजारी धुळाजी मला झाडाखाली पसरायचा आणि तीन पत्तीचा डाव मांडायचा. पैसा नाही हं, भुईमुगाच्या शेंगा लावायच्या. समोर बसणारे बहुतेक परगावचे, शेरडे-मेंढरे विकायला आलेले. पण धुळाजीची नजर भारी बेरकी. चांगली पाने आलेला उगाच झाडाकडे बघतो, थाप मारणारा जास्त बोलतो, घाबरलेला आपल्याच शेंगा सोलून खातो, हे तो लगेच हेरायचा. मलाही थोडे कळायचे. माझ्यावर बसताना चपला काढाव्या लागतात ना! चेहरा मख्ख ठेवणाऱ्या गड्याचा अंगठा माझ्या लोकरीत रुतत असे. धुळाजी वरून वाचायचा, मी खालून.

"गप पॅक व्हा, पाव्हणं. तुमच्या हातात काय बी न्हाई," तो म्हणायचा, आणि समोरचा पाने टाकून, डाव सोडून ओशाळून उठायचा. बघणारे वाहवा करत. पण पुढच्या बाजारी तोच माणूस लांबूनच रामराम करून सटकायचा. जिंकलेल्या शेंगा धुळाजी एकटाच खात बसायचा. मला ते बघवत नसे.

एकदा केजकडचे आप्पाराव माझ्यावर येऊन बसले. पांढरी मिशी, इस्त्रीचा सदरा. पाने वाटली तशी त्यांनी ती पालथीच ठेवली आणि शेंगा टाकल्या. प्रत्येक डाव ब्लाइंड! धुळाजीने त्यांची मान, मिशी, पापण्या सगळे बघून घेतले, पण हाती काही लागेना. पानेच बघितली नाहीत, तर तोंडावर काय दिसणार? त्यात नशीब असे की आप्पाराव जिंकतच सुटले.

"पाव्हणं, पत्ते कावून बघंनात तुमी?" धुळाजी चिडून म्हणाला.

"बघितलं की डाव लवकर सरतो," आप्पाराव म्हणाले.

त्यांची मांडी माझ्यावर निवांत टेकली होती आणि हात माझ्या काठावरून सारखा फिरत होता. हा माणूस जिंकायला आलाच नव्हता, मित्रांनो. तो नुसता बसायला आला होता. मला ते कळत होते, पण धुळाजीच्या कानात सांगणार कसे?

तेवढ्यात शेजारी बसून डाव बघणाऱ्या अंगदने काडी टाकली. "बापू, गडी हातचलाखीवाला दिसतोय. बाही बघा की त्याची."

धुळाजीचे डोके फिरले. त्याने आप्पारावांचा हात धरला, चारचौघांत बाही झटकली, खिसेही उलटे केले. तंबाखूची पुडी निघाली आणि एसटीचे तिकीट. बाकी काही नाही.

आप्पाराव उठले. सदरा नीट केला. "बायकू गेल्यापस्नं समोर बसायला कुणी न्हाई, दादा," ते म्हणाले. "म्हणून बसलतो." जिंकलेल्या शेंगा तशाच ठेवून ते निघून गेले. धुळाजीचे दुखणे तरी दुसरे कोणते होते?

पुढच्या बाजारी तो शेंगा भाजून घेऊन आला. मला दोनदा झटकले. एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस निरखत राहिला. आप्पाराव काही आले नाहीत. आणि पाहुण्याची झडती घेणाऱ्यासमोर दुसरे कोण बसणार? अंगदसुद्धा पलीकडच्या झाडाखाली गेला.

आता धुळाजी एकटाच पाने वाटतो. तीन स्वतःला, तीन समोर. समोरची पाने तो कधीच उलटून बघत नाही. त्या बाजूने शेंगा मात्र टाकतो, आणि स्वतःच्या हातात चांगली पाने असली तरी मुकाट पॅक होतो. समोर शेंगांचा ढीग वाढत जातो आणि खायला कोणी नसते. असा सुना दिवस मी मेंढरांमागे रानात भटकतानाही पाहिला नव्हता.

मित्रांनो, घोंगडीला ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला, म्हणजे कसर लागत नाही. एवढे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. आष्टीच्या बाजारात गेलात, तर त्या म्हाताऱ्यासमोर थोडा वेळ बसा. तुम्ही बसलात की तो आधी शेंगा पुढे करेल आणि पाने वाटायला वेळ लागेल. लागू द्या.