जांभळा बँड

गाडी सुरू केली की बॉनेटखालून सूऽऽऽ असा आवाज यायचा. "मी स्वतः दुरुस्त केलंय, थांबेल हळूहळू," असं नवरोबा आठ दिवस छातीठोकपणे सांगत होते. शेवटी बायकोच गाडी घेऊन गॅरेजला निघाली, तेव्हा नवरोबा निमूटपणे शेजारी बसले.

मिस्त्रीने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवलं. एका जागी तो थांबला आणि हसला. हवेची बारीक नळी चिरली होती आणि त्या चिरेवर केसांचा जांभळा बँड गुंडाळलेला होता.

"हा जुगाड कुणाचा?"

नवरोबांचा हात आपोआप टकलावर गेला. बायकोने आपला हरवलेला बँड ओळखला. तो नणंदेनेच उचलला असं समजून तिने आठ दिवस तिच्याशी अबोला धरला होता आणि हे महाशय मूग गिळून बसले होते!

नवी नळी बसताच आवाज थांबला. बायकोने फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला. "सांगा ताईंना, चोर सापडला म्हणून."

"हॅलो?" ताई म्हणाल्या.

नवरोबांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. नुसती हवा बाहेर पडली, सूऽऽऽ.