नावापुढे सोडलेली जागा

मला लोक भोचक म्हणतात. मी स्वतःला चौकस म्हणते. त्यामुळे खालच्या मजल्यावरची कादंबरी पारधे खराडीतली चांगली नोकरी सोडून नन व्हायला निघाली आहे, हे कळल्यावर मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

आधी नेहमीचे संशय तपासले. प्रेमभंग? नाही. नोकरीवरून काढलं? उलट पगार वाढवतो, थांब म्हणत होते. कुणी डोक्यात भरवून दिलं? यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. शेवटी सरळच विचारलं, का गं?

"काकू, तुम्हाला काकांशी लग्न का करावंसं वाटलं?"

मला कुठे कुणी विचारलं होतं, असं मी म्हणाले.

"मला विचारलंय ना," ती म्हणाली आणि हसली. कुणी विचारलंय, हा पुढचा प्रश्न मला जिना चढून घरी आल्यावर सुचला.

तिची आई रुपाली मात्र तिच्याशी बोलणं टाकून बसली होती. पारधे मूळचे श्रीरामपूरकडचे कॅथलिक, रविवारचं चर्च कधी न चुकवणारे. दुसऱ्यांच्या मुली सिस्टर झाल्या की रुपालीला केवढं कौतुक. पण नवरा लवकर गेलेला, पोर एकुलती एक. "देवाला सगळ्या पुण्यात माझीच बरी सापडली," असं ती माझ्याकडे येऊन म्हणायची, आणि मला तिची फार कीव यायची. लेकीच्या लग्नासाठी तिनं एकेक करून भांडी जमवली होती. दुकानदार नाव फुकट घालून देत होता, म्हणून हिनं प्रत्येकावर 'सौ. कादंबरी' असं घालून घेतलं आणि पुढे जावयाच्या नावासाठी जागा सोडली. जावयाचा पत्ता नसताना. तेव्हा मी हसले होते.

वाघोलीच्या पुढे असलेल्या त्या कॉन्व्हेंटची एक रीत आहे. मुलगी कितीही मोठी असो, घरच्यांनी स्वतः आणून सोडल्याशिवाय तिला घेत नाहीत. सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि मग आईबापांनी आपल्या तोंडानं होकार द्यायचा. रुपाली जायला तयार झाली याचंच मला नवल वाटत होतं. रिक्षात बसायला गेले तर पायाशी भांड्यांचं पोतं. सोबतीला म्हणून मला बोलावलं होतं खरं, पण बसायला जागा पोत्यानं ठेवली तेवढीच मिळाली. नगर रस्ताभर मायलेकींमध्ये मी, आणि दोघी आपापल्या बाजूला बाहेर बघतायत.

मला वाटलं होतं, तिथे दोन-चार म्हाताऱ्या सिस्टर असतील आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत असेल. प्रत्यक्षात जेवणघरात पोरींचा गलका. लोणी काळभोरची एक नर्स, एक शाळेतली शिक्षिका, आणि एक तर कादंबरीच्या ऑफिससमोरच्याच इमारतीत काम करणारी. तिथल्या प्रमुख सिस्टर आग्नेस पंच्याहत्तरीच्या असाव्यात. त्यांनी सांगितलं की मध्यंतरी कुणीच येईना, तेव्हा वरचा मजला कॉलेजच्या मुलींना राहायला द्यायचं घाटत होतं. आता खाटा कमी पडतात. हे असं का झालं, असं मी अर्थातच विचारलं.

"आम्हीही त्यांना विचारतो," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं."

माझं समाधान झालं नाही. पण बाई फसवत नाहीत एवढं कळलं.

जेवणं झाली आणि सगळ्या रुपालीकडे बघू लागल्या. ती उठली, पोतं ओढत आणलं आणि टेबलावर भांडी मांडली. पातेलं, परात, कळशी, घट्ट झाकणाचा डबा.

"हिच्यासाठी घेतली होती," ती सिस्टरना म्हणाली, लेकीकडे न बघता. "ही मोकळी जागा जावयाच्या नावाची. आता तुम्हीच ठेवा. मला घरात डोळ्यांसमोर नकोत."

होकाराचं नाव नाही. कादंबरीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यासाठी मला रुपालीचा रागच आला.

सिस्टर आग्नेस आत गेल्या आणि चहाचं एक जुनं पितळी पातेलं घेऊन आल्या. त्याच्या काठावर घासून घासून पुसट झालेलं नाव होतं. पुढे जागा मोकळी.

"माझ्या आईनं आणलं होतं. असंच, रागानं. इथे ठेवून गेली, मग तिला परत यायचं काही कारण उरलं नाही." त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं. "आली नाही. आमचा चहा रोज यातच होतो."

मग त्यांनी रुपालीच्या भांड्यांमधून डबा उचलला. बाकीची राहू देत म्हणाल्या, पोरी वाढल्यात, लागतील. डबा मात्र त्यांनी आत नेला, शेंगदाण्याचे लाडू भरले आणि रुपालीच्या हातात दिला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यांच्यात आणि आमच्यात बाकी काय वेगळं असेल ते असो, हे सारखंच आहे.

रुपाली डबा धरून उभी राहिली. तिचा अंगठा त्या मोकळ्या जागेवरून फिरत होता. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती लेकीशी बोलली.

"भेटायला कधी येऊ देतात?"

"महिन्याच्या पहिल्या रविवारी," कादंबरी म्हणाली.

"डबा तेव्हा आणते. करंज्या करीन. सगळ्यांना पुरतील एवढ्या."

सिस्टर आग्नेस अजून उत्तराची वाट बघत होत्या. रुपालीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे वळली.

"घ्या हिला," ती म्हणाली. "पण सकाळी उपाशीपोटी चहा देऊ नका. पित्त होतं तिला."