खविसाच्या पाठीवरची चेन

मित्रांनो, मला घाबरू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. लोकांना घाबरवण्यासाठीच माझा जन्म झाला. मी वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा, जुना राक्षस आहे. माझे डोळे पिवळे, नखं काळी, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक चेन आहे. हो, जाकिटाला असते तसलीच चेन. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

चाळीस वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीच्या गावात 'खाणीतला खवीस' नावाचा सिनेमा निघाला. काढणाऱ्यांचे खिसे रिकामे आणि हौस मात्र दांडगी. राक्षस म्हणजे ताडपत्री, मोटारीच्या फाटक्या ट्यूबा आणि आत शिरलेला गावातलाच एक माणूस. सिनेमा कसाबसा चालला, तरी एका खेळणीवाल्याला तेवढ्यावर हुरूप आला. माझा साचा घडवणाऱ्या कारागिराने सिनेमा पाहिलाच नव्हता. त्याला दोन फोटो मिळाले, एक समोरून आणि एक मागून. मागच्या फोटोत पोशाखाची चेन दिसत होती. त्या इमानदार माणसाने तीही घडवली, एक दात न चुकवता. एकूण एकोणतीस दात.

डेल हुडाक आठ वर्षांचा असताना मी त्याच्या घरी आलो. त्याने मला न्हाणीघरात बुडवलं, खाणीच्या राखेच्या ढिगात पुरलं, त्यांच्या कुत्र्याने माझा डावा पाय चघळला. ते माझे सोन्याचे दिवस होते. मग डेल मोठा झाला आणि मी तळघरात गेलो, नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली, पुरी वीस वर्षं. मी रडलो नाही. राक्षस रडत नसतात. पण मला बघून कुणी ओरडेनासं झालं याचं वाईट वाटायचं.

डेलचे केस पिकायला लागले तेव्हा त्याच्यासारख्या बाप्यांना अचानक आमची आठवण झाली. त्याने मला वर आणलं, जुन्या टूथब्रशने घासलं. पुढे त्याने आणखी साठ राक्षस जमवले. कुणाला दोन डोकी, कुणाच्या पोटात तोंड. पण पहिला मान माझाच.

गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर वसंतात जुन्या खेळण्यांची जत्रा भरते. तिथल्या काचेच्या कपाटात हौशी मंडळी आपापला सर्वात लाडका राक्षस मांडतात. डेल बाकीचे साठ राक्षस आपल्या टेबलावर मांडायचा आणि मला कपाटासाठी न्यायचा. पाच वर्षं हे चाललं होतं आणि पाचही वर्षं जत्रेच्या मंडळाचे प्रमुख गार्लंड टीटर मला परत पाठवत होते.

यंदाही त्यांनी मला उलटंसुलटं केलं. "डेल, लेका, कपाटाच्या मागे आरसा आहे. तुझ्या खविसाची चेन सगळ्यांना दिसणार. राक्षस आहे की रेनकोट?"

"कंपनीनेच तसा काढलाय, गार्लंड."

"चुकून काढलाय. आज सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून मधली जागा देतो. पण पाठ गुळगुळीत करून आण. मार्लीन बसलीये ना तिकडे, अर्ध्या तासाचं काम."

मार्लीन योस्ट मोडकी खेळणी दुरुस्त करते. आणि मित्रांनो, डेलने मला तिच्या टेबलावर पालथं ठेवलं. मला त्याचा भयंकर राग आला. मार्लीनने पुट्टी कालवली, पॉलिश पेपर घेतला आणि खालून घासायला सुरुवात केली. एक दात गेला. दुसरा गेला.

"हातातलं ठेव खाली!"

हॉलच्या स्वयंपाकघरातून बटाट्याच्या पिरोग्यांची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटली घेऊन आलेल्या व्हर्ना कोवालचिक ओरडल्या होत्या. ऐंशीच्या पुढची बाई, हाताला लोणी लागलेलं.

"काय झालं, कोवालचिकबाई?" मार्लीन दचकली.

"ती चेन माझी आहे. माझ्या थंडीच्या कोटाची. तो पोशाख मीच शिवला होता. आत माझा मायरन होता."

डेल चाचरला. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं? आधी पोशाखाला नुसती बटणं होती. खाणीतल्या धुळीने मायरनची छाती आधीच गेलेली. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी तो आत गुदमरून पडला आणि बटणं निघता निघेनात. रात्रभर बसून माझ्या कोटाची चेन उसवली नि त्याला लावली. दिग्दर्शक म्हणाला, पडद्यावर दिसेल, काढा. मी म्हटलं, दिसू दे! नवरा माझाय, सिनेमा तुझाय."

"मग?"

"मग काय, पुन्हा दोनदा पडला. दोन्ही वेळा एका ओढीत बाहेर काढला. सिनेमा लागला तेव्हा चेन बघून सगळं थेटर हसलं. मायरनने अंधारात माझा हात धरून ठेवला होता." त्यांनी एप्रनला हात पुसले आणि मला उचललं. "पोशाख केव्हाच उंदरांनी खाल्ला. तोही गेला. हे एवढंच उरलंय, आणि तुम्ही तेही घासताय."

डेल लाल झाला. "हा तुम्ही घ्या. तुमचाच आहे."

"मला काय करायचाय? माझ्या कपाटात कोण बघणार त्याला? लोकांसमोर ठेव की!"

डेल मला घेऊन तडक गार्लंडकडे गेला आणि न विचारताच मला मधल्या जागेवर उभं केलं. तोंड आरशाकडे, पाठ लोकांकडे.

"उलटा ठेवलायस," गार्लंड म्हणाले.

"सरळच आहे. हलवलात तर माझे साठच्या साठ घेऊन जाईन." आणि डेलने सगळं सांगितलं. गार्लंडनी चष्मा काढून माझ्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच कपाटाचं दार लावलं आणि मला कुणी हलवलं नाही.

मित्रांनो, आता माझ्या चेनला सत्तावीस दात आहेत. आम्हा जुन्या खेळण्यांवरची धूळ झटका, आमचे तुटके हात चिकटवा, उपकार होतील. पण आमच्यात काही वेडंवाकडं दिसलं तर सुधारायच्या आधी गावात चार म्हाताऱ्यांना विचारा. आरशातून मला जत्रेतले लोक दिसतात. चेन बघून खदाखदा हसतात. हसू द्या. ती चेन दिसावी म्हणून लावलेलीच नव्हती. ती एक माणूस जिवंत बाहेर यावा म्हणून होती, आणि ती लावल्यावर तो दोनदा आत पडला आणि दोन्ही वेळा जिवंत बाहेर आला.