प्रयागबाईची पानपोई

माही मोठी जाऊ प्रयागबाई आता काई वाचत नाई, असं साऱ्या भावकीनं धरून ठेवलं होतं. मीच एकटी मानत नोती.

दिवाळीले तिचे मालक, माहे जेठ, गेले, तवापासून बाईनं खाट धरली. भाकर पाह्यली का तोंड फिरवे. वैद्यबुवा नाडी पाहून म्हने, पोरीले बोलवा. पोरगी पंचफुला सासरी, अनसिंगले, अन् तिची सुटका नुकतीच झालेली. सव्वा महिन्याबिगर बाळंतीन घराबाहेर पडत नाई. तरी निरोप धाडला, मायचं तोंड पाह्याचं असन तं ये.

मले आला राग. भर चैतात कांदे उपटाले मानसं पुरेनात, त्यात जेठाच्या नावानं मळ्यापाशी घातलेल्या पानपोईवरचा म्हतारा नातीच्या लग्नाले निघून गेला. मी म्हनलं, घरी बाईजवळ कोन बसते? टाका खाट बैलबंडीत. नेऊन ठेवली निंबाखाली, पानपोईच्या रांजनापाशी. नवरा म्हने, तुले काई मायादया? मंग तुमी बसा तिच्यापाशी, मी म्हनलं. तो कांदे उपटाले गेला.

दुपारी तांड्यावरची एक बाई आली. डोक्यावर सरपन, कडेवर लेकरू, रडून रडून सुकलेलं. प्रयागबाईनं आमाले हाका मारल्या, पन तो आवाज वाफ्यापर्यंत कायचा पोचते! शेवटी प्रयागबाई सोताच उठली. रांजनाचा आधार घेत गडवा भरला अन् लेकराच्या तोंडात धार धरली.

संध्याकाळी मी गेली तं रांजन रिकामा, अन् बाई माह्यावरच खेकसली, पानी काहून नाई आनलं म्हनून. वरून भाकर मांगितली. खरं सांगते, मले रडू फुटलं.

मंग बाई रोज पायी जाऊ लागली. कोनाची पोर कुठं दिली, कोनाचा बैल लंगडते, सारं तिले ठाऊक. जेवन वाढलं, झोप लागू लागली, अंगावर मास चढलं. म्हतारा परत आला, त्याले तिनं कांदे राखाले बसवलं. या धांदलीत अनसिंगले दुसरा निरोप धाडाचं कोनाच्या ध्यानातच आलं नाई.

वैशाखात एका दुपारी वाटेवर कोनीतरी गळा काढलेला आइकू आला. आमच्याकडं माय गेली का लेक शिवेपासून रडत येते. पंचफुलाच होती! बाळंतिनीपासून मौत लपवतात, म्हनून आपल्याले कोनी कळवलं नाई, असं तिनं मनाशी धरलं होतं. तोंडावर पदर, खांद्यावर लेकरू, निंबाखाली बसली अन् मायच्या नावानं रडू लागली. मी वांग्याच्या वाफ्यातून धावत सुटली.

बाईनं पहिले लेकरू उचलून घेतलं, मंग गडवा भरला.

"आधी पानी पे. एवढ्या उन्हात माह्या नातवाले घेऊन कोनाले रडून राह्यली वं?"

पंचफुलानं पदर वर केला. ओंजळ धरली, पन मायकडं पाह्यता पाह्यता सारं पानी खाली सांडलं. बाईनं पुन्हा धार धरली. मांगं दोन वाटसरू तहानेले उभे होते.

"थांबा बाप्पा," बाई त्याइले म्हने, "आज पहिले माही लेक."