बारा डिसेंबरची फेरी

स्टाइनार ब्रेक्कान गेली बावीस वर्षं एकाच कंपनीच्या विमानांनी उडत होता. सोमवारी सकाळी ट्रॉन्डहाइमहून कोपनहेगन, गुरुवारी परत. जलविद्युत केंद्रांच्या टर्बाइनची तपासणी हे त्याचं काम आणि पाकिटातलं सोनेरी कार्ड हा त्याचा मान. या शरदात कंपनीने कोपनहेगनचं थेट विमान बंद केलं. आता ऑस्लोला उतरून तीन तास ताटकळावं लागे. दुसरी कंपनी थेट नेत होती. वर, जुन्या सोनेरी कार्डाच्या बदल्यात आपलंही सोनेरी कार्ड देऊ म्हणत होती. अट एकच, गेल्या बारा महिन्यांच्या उड्डाणांची यादी पाठवायची. मुदत रविवारपर्यंत.

आज रविवार होता. टुवा, त्याची मुलगी, दुपारी वाफल खायला आली होती. बापाची ऑनलाइन कामं तीच करायची.

"बाबा, अजून चिकटून बसलायस? त्या कंपनीने तुला कधीच सोडलंय. तुलाच पत्ता नाही."

"तिथं ओळख आहे माझी."

"ओळख! गेल्या खेपेला तुला ब्रेक्के म्हणून हाक मारली त्यांनी. तूच सांगितलंस."

स्टाइनारने पीठ ढवळलं. टुवाचा आवाज खाली आला.

"आईचं नाव जाईल म्हणून ना? तुमच्या दोघांचे पॉइंट एकत्र आहेत म्हणून?"

"हं," तो म्हणाला.

त्याची बायको गुनवोर जाऊन अकरा महिने झाले होते. दोघांच्या पॉइंटवर अझोर्स बेटांना जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. कारण चांगलं होतं. मुलीने ते स्वतःच्या हाताने पुढे केलं होतं आणि त्याने ते घेतलं. खरं कारण वेगळं होतं. त्या यादीत एक ओळ होती. ती टुवाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने महिनाभर ऑस्लोच्या बाकांवर बसून काढला होता.

"आईचे पॉइंट तुझ्याकडे राहतात, मी विचारून घेतलंय त्यांना," टुवा म्हणाली. "सुटलास. यादी काढतेय मी."

"राहू दे, मी बघतो."

"तू बघणार! पासवर्ड तरी आठवतो का?"

साचा तापला होता. त्याने पीठ ओतलं, झाकण दाबलं. मागे तिची बोटं लॅपटॉपवर चालत होती. मग थांबली.

"बारा डिसेंबर," टुवा म्हणाली. "कोपनहेगनला पोचलास पावणेबाराला. निघालास दीडला."

तो वळला नाही.

"मीटिंग होती म्हणालास. सकाळी आईने तुझी बाही धरली होती. आज नको जाऊस म्हणाली. मी होते तिथे."

"हो."

"पावणेदोन तासांत कसली मीटिंग, बाबा?"

वाफल करपल्याचा वास आला. त्याने साच्याची वायर काढली.

"मीटिंग नव्हती," तो म्हणाला. "वर्ष संपत होतं. कार्ड टिकायला एक फेरी कमी पडत होती. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर तरी आहे. वाटलं, चार वाजेपर्यंत घरी येतो."

गुनवोर गेली दोन वाजून दहा मिनिटांनी. तो तेव्हा परतीच्या विमानात समुद्रावर होता, फोन बंद करून, दुसऱ्या रांगेत.

"ती विचारत होती, स्टाइनार कुठपर्यंत आला," टुवा म्हणाली. "मी सांगत होते, मीटिंग सुटली असेल आता. तीनदा सांगितलं."

तो ओट्याला धरून उभा होता. तिने विचारलं,

"तिथे काय खाल्लंस?"

"काय?"

"कोपनहेगनला. काहीतरी खाल्लं असशील ना."

तिला खोटं चाललं असतं, असं त्याला क्षणभर वाटलं.

"सूप," तो म्हणाला. "लाउंजमध्ये. मटारचं. कार्डवाल्यांना फुकट असतं."

टुवाने मान हलवली. ती रडली नाही. खिडकीबाहेर शेजारी पानं गोळा करत होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"पाठवू यादी? सोनेरी मिळेल."

"नको."

"मग? ऑस्लोलाच बसणार?"

"नाही. त्या दुसऱ्या कंपनीकडे नव्याने नाव घाल. साधं कार्ड. जुनं काही दाखवू नकोस."

"पहिल्यापासून सुरू होईल. बॅगेचे पैसे, रांगेत उभं राहणं, सगळं."

"होऊ दे."

तिने यादी बंद केली आणि दुसऱ्या कंपनीचा फॉर्म उघडला. नाव टाकलं, पत्ता टाकला. पुढच्या चौकोनापाशी थांबली. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाचा केक तीच करायची.

"जन्मतारीख?" तिने विचारलं, काउंटरपलीकडून कारकुनाने विचारावी तशी.

स्टाइनारने सांगितली.