आडवा बसणारा फिल्टर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण सगळीच्या सगळी जुनी नाही. माझा पत्रा सत्तावन्न सालचा, अमेरिकेतल्या कारखान्यातला. पुढची काच नंतरची. आसनांवरचे कापड एका नाट्यगृहाच्या जुन्या पडद्याचे. आणि माझ्या पोटातले इंजिन एका रशियन मोटारीचे आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडले ते त्या इंजिनामुळे घडले.

बोटीतून मी क्युबात उतरले तेव्हा माझा रंग फिकट हिरवा होता. सिएनफुएगोसच्या एका औषधविक्रेत्याने मला घेतले. रविवारी तो बायकोमुलांना घेऊन समुद्राकाठच्या रस्त्याने मला हळूहळू फिरवायचा आणि घरी आल्यावर मऊ कातड्याने पुसायचा. पुढे काळ बदलला. माझे सुटे भाग आणणाऱ्या बोटी यायच्या थांबल्या, औषधविक्रेता देश सोडून गेला आणि मी एका परसात उभी राहिले. माझ्या आसनांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. पावसापाण्याने इंजिन आतून गंजून गेले, पण ते बघायलासुद्धा कोणी आले नाही.

तिथून मला बैल जुंपून ओढत नेले ते एवेलियो कुएस्ताने. तो क्रुसेस गावच्या साखर कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करायचा. माझे मूळ इंजिन कामातून गेले होते. त्याने भंगारात निघालेल्या एका रशियन मोटारीचे इंजिन मिळवले आणि ते माझ्यात बसवण्यासाठी कापाकापी केली, पट्ट्या जोडल्या, भोके पाडली. सगळे बसले, फक्त तेलाच्या फिल्टरला जागा उरली नाही.

आमच्या इंजिनात तेल सारखे फिरत असते. त्यात काजळी मिसळते, धातूची बारीक पूड मिसळते. फिल्टर ती अडवतो आणि स्वच्छ तेल पुढे सोडतो. माझ्या घराण्यातल्या मोटारींचा फिल्टर तोंड वर करून खाली लोंबतो. माझ्यात खाली लोखंडी दांडा आडवा येत होता. एवेलियोने कारखान्याच्या लेथवर एक जाड चकती तयार केली आणि फिल्टर कुशीवर निजवल्यासारखा आडवा बसवला. तेव्हापासून मी क्रुसेस ते सिएनफुएगोस प्रवासी नेऊ लागले. लोक रस्त्याकडेला उभे राहून हात करत आणि आत खांद्याला खांदा लावून बसत. एवेलियो रोज सकाळी मला चालू करून क्षणभर मान कलती ठेवायचा. कुठे काय दुखते ते त्याला आवाजावरून कळायचे.

एका सकाळी कॉफी पिता पिता त्याच्या हातातला कप निसटला. त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून तो घरी आला तेव्हा त्याच्या तोंडून एकच अक्षर निघत होते, ‘ता’. पाणी हवे असले तरी ‘ता’, दार लावायचे असले तरी ‘ता’.

त्याची बायको लिदुविना आधी त्याच्या शेजारी बसून प्रवासी गोळा करायची. आता ती चाकामागे बसली. पहिल्याच दिवशी टोपी घातलेला एक प्रवासी दारातच थबकला.

“आज कोण चालवणार?”

“मी.”

“मग मी मागे बसतो.”

“बसा की. मागचं दार आतून उघडत नाही. भीती वाटली तरी उडी मारता येणार नाही.”

आतले प्रवासी हसले. टोपीवाला मुकाट्याने पुढे येऊन बसला आणि सिएनफुएगोस येईपर्यंत दाराची मूठ धरून होता. दर मंगळवारी एवेलियोला व्यायामासाठी ती माझ्यातूनच नेत असे. म्हणजे घराचा चरितार्थही माझ्यावर आणि त्याचे उपचारही.

मग तेल बदलायची वेळ आली. एवेलियोने साठवलेले फिल्टर संपले होते. अमेरिकेत टाम्पाला राहणाऱ्या मुलीने, ओदालिसने, तिथल्या दुकानातून नवा पाठवला. नारिंगी रंगाचा, चकचकीत, आणि खोक्यावर माझे नाव, माझे साल. इतक्या वर्षांनी छापलेले माझे नाव पाहून मलाही अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू?

तो बसवायला रिगो आला. रिगो हा एवेलियोचा धाकटा भाऊ. हातात कसब असलेला, पण जरा घाईचा माणूस.

“आधी एवेलियोला दाखवू या का?” लिदुविनाने विचारले.

“खोक्यावर हिचंच नाव आहे, वहिनी. आणखी काय पाहिजे?”

“तरी पण. हे काम कायम त्याचंच होतं.”

रिगोने पाना खाली ठेवला आणि आवाज हलका केला. “दादाला काय दाखवायचं? इस्पितळात मी होतो ना त्याच्याजवळ. चमच्याने केस विंचरत होता तो.” बोलताना त्याने तोंड दुसरीकडे वळवले. तो दुष्ट नव्हता. मोठ्या भावाला तसे पाहिल्यावर त्याने मनातल्या मनात त्याचा निरोप घेऊन टाकला होता, एवढेच.

फिल्टर आट्यांवर अलगद फिरला, घट्ट बसला, थेंबभरही गळला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिदुविनाने मला चालू केले आणि माझ्या पोटात खडखड झाली. तेलाचा लाल दिवा विझायला तयार होईना. मग तो विझला, खडखड थांबली आणि मी नेहमीसारखी चालू लागले, म्हणून लिदुविनाने ते मनावर घेतले नाही.

काय झाले होते ते मला कळत होते. तो नारिंगी फिल्टर तोंड वर करून लोंबणाऱ्या गाड्यांसाठी घडवलेला होता. त्यात तेल आपोआप साठून राहते, म्हणून त्याच्या आत परतीची वाट अडवणारा रबरी पडदा नव्हता. माझ्यात तो आडवा होता. मी उभी असले की त्यातले तेल खाली उतरून जाई. सकाळी आधी फिल्टर भरायचा आणि मगच तेल वर पोचायचे. तोवर माझे दांडे कोरडे घासत. एका दिवसात काही मोडत नाही. पण असे रोज झाले, तर आतून झिजत झिजत इंजिन एक दिवस जागीच जाम होते. दुसरे इंजिन आता कुठून येणार होते?

मला सांगता येत नव्हते. आणि ज्याला कळले होते त्यालाही सांगता येत नव्हते. दारातल्या खुर्चीत बसलेला एवेलियो डाव्या तळव्याने खुर्चीचा हात बडवू लागला. “ता, ता, ता.”

लिदुविना माझ्यातून उतरून त्याच्याकडे जाई, तोवर तो थांबलेला असायचा आणि डोळ्यांत पाणी असायचे. पहिल्या दिवशी तिने त्याला पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी ऊन लागते म्हणून टोपी घातली. पुढे कधी उशी, कधी औषध. रोज सकाळी तेच. शेजारची तोमासा म्हणाली, “तू निघालीस की घाबरतो बिचारा. लहान मूलच झालंय त्याचं.”

आठवडाभरात लिदुविनाचे डोळे खोल गेले. तेव्हा रिगो एकदा कॉफी घेता घेता म्हणाला, “वहिनी, राग मानू नकोस. सिएनफुएगोसच्या वृद्धाश्रमात माझ्या ओळखीचे आहेत. दादाला नीट ठेवतील. गाडी विकून टाक. रोज त्याचा जीव घाबरा करून तू चाकामागे बसतेस, त्यात कुणाचं भलं आहे?”

तिने रिकामे कप गोळा केले. मग म्हणाली, “गिऱ्हाईक आण. बघू दे त्याला गाडी. विकायची की नाही, मग ठरवते.”

रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मला गरम करून ठेवावे म्हणून रिगो माझ्यात बसला. लिदुविना एवेलियोच्या खुर्चीपाशी त्याच्या सदऱ्याची बटणे लावत होती. मी सुरू होताना ती त्याच्याजवळ असण्याची ती पहिलीच वेळ.

मी खडखडले. एवेलियोचा तळवा खुर्चीवर आपटू लागला. “ता, ता, ता.” खडखड थांबली आणि तळवाही थांबला. दोन्ही एकदमच.

बटणावरची तिची बोटे तशीच राहिली.

“रिगो, बंद कर. आता परत चालू कर.”

त्याने केले. फिल्टर भरलेलाच होता, त्यामुळे मी गुपचूप सुरू झाले. एवेलियोने हात उचलला नाही.

“बघ, काही नाही,” रिगो म्हणाला. “आवाज पण नाही.”

“नाहीच आहे. म्हणून तोही गप्प आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे हा मला बोलवत नव्हता, रिगो. गाडीचं सांगत होता.”

तिने परसातल्या भंगारातून जुना, काळा पडलेला फिल्टर शोधून आणला, रिगोला नारिंगी फिल्टर काढायला लावला आणि दोन्ही एवेलियोच्या मांडीवर ठेवले. तो बघत राहिला. मग त्याने डावा हात वर नेऊन तिच्या अंबाड्यातला आकडा ओढून काढला. केस तिच्या खांद्यावर पडले.

“हे काय, दादा?” रिगो पुटपुटला. “वहिनी, मी म्हणत होतो ना—”

“थांब जरा.”

फिल्टरच्या तोंडाशी बारीक भोकांचे एक कडे असते. एवेलियोने जुन्या फिल्टरच्या एका भोकात आकडा घातला आणि दाबला. आकडा मऊपणे दबून परत वर आला. नारिंगी फिल्टरच्या भोकात घातला, तर तो थेट आत गेला आणि खाली पत्र्यावर टक् वाजला. मग त्याने आकडा तिच्या हातात दिला.

तिने तसेच करून पाहिले. एकदा इकडे, एकदा तिकडे. “ह्याच्या आत रबर आहे,” ती सावकाश म्हणाली. “आणि ह्यात नाहीये.”

“ता,” एवेलियो म्हणाला, आणि त्याचा अर्धा चेहरा हसला.

रिगो पायरीवर बसला. “दादा, तुला सगळं कळत होतं? मी जे जे बोललो ते पण?”

एवेलियोने हात लांब केला आणि धाकट्या भावाच्या डोक्यात एक टप्पल मारली. मग तो हात तिथेच राहू दिला.

गिऱ्हाईक आले तेव्हा त्याला कॉफी मिळाली, गाडी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी लिदुविना बसने सिएनफुएगोसला गेली. तिथे प्रिसिलियानो नावाचा म्हातारा आपल्या घराच्या ओट्यावर सुटे भाग मांडून बसतो. जुना फिल्टर काखेत धरून ती एकेका नव्या फिल्टरमध्ये आकडा खुपसू लागली.

“बाई, फिल्टर आहे तो, पपई नाही. पिकलाय का बघतेस?”

“कच्चा पदरात पडला होता मागच्या वेळी.”

एका फिल्टरला पडदा होता, पण त्याचे रबरी कडे मोठे होते, एवेलियोच्या चकतीबाहेर गेले असते. दुसऱ्याचे कडे जुळत होते, पण त्याचे आटे वेगळे. एवेलियोने तेव्हा करून ठेवलेली जास्तीची चकती ती घेऊन आली होती, त्यावर तो फिल्टर दोन वेढे फिरला आणि अडला. प्रिसिलियानो म्हणाला, “जरा जोर लाव, बसेल.” तिने जोर लावला नाही. शेवटी ढिगाच्या तळातून एक मळकट फिल्टर निघाला. आटे जुळले, कडे जुळले, उंची जवळपास तेवढीच, आणि आकडा मऊपणे परत आला.

“हा कुठल्या गाडीचा?”

“कुठल्याशा कोरियन टेम्पोचा. तुझ्या गाडीचा नाहीच आहे तो. तुझ्या गाडीचं नाव काय म्हणालीस?”

“नावाचं राहू द्या,” ती म्हणाली. “हाच द्या.”

घरी आल्यावर तो आधी एवेलियोच्या मांडीवर ठेवला गेला. त्याने आकडा घालून पाहिला, कड्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मगच रिगोने कड्याला तेलाचे बोट लावून तो हाताने आवळला. सकाळी लिदुविना चाकामागे बसली, पण तिची नजर दिव्यावर नव्हती, दाराकडे होती. मी चालू झाले. दिवा लगेच विझला. एवेलियोचा तळवा खुर्चीच्या हातावर शांत पडून होता.

ओदालिसला फोनवर हे कळले तेव्हा ती हिरमुसली. “मी तर नाव, साल, सगळं बरोबर सांगून आणला होता, आई.”

“तुझं काही चुकलं नाही. तू गाडीचं नाव सांगितलंस. तिच्या आत काय आहे, ते आम्ही तुला सांगितलंच नव्हतं.”

एवेलियोची वाचा परत आली नाही. पण त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणे त्या दिवसापासून बंद झाले. जे बोलायचे ते लोक त्याच्याशी बोलू लागले. रिगो रोज येऊन त्याच्याशी डॉमिनो खेळायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. गावातले मोटारवाले आपल्या गाड्या त्याच्या दारात आणून चालू करत आणि त्याच्या तळव्याकडे बघत उभे राहत. असा तो अजून काही वर्षे जगला, आणि एका पावसाळ्यात गेला. त्याला शेवटचे माझ्यातूनच नेले.

आता लिदुविनाचेही केस पांढरे झाले आहेत आणि माझा पत्रा खालून गंजत चालला आहे. तरी अजून आम्ही दोघी सिएनफुएगोसला जाऊन येतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल, एखादे जुने माणूस असेल. आम्हा जुन्यांवर लिहिलेले नाव आता पुरेसे नसते. जगता जगता आमच्या आत बरेच काही बदललेले असते. म्हणून आमच्यासाठी काही आणाल तेव्हा आधी आमच्याकडे बघा. आणि जो बोलत नाही त्याला समजत नाही, असे धरून चालू नका. वस्तू त्याच्या मांडीवर ठेवा, थोडे थांबा, आणि त्याचा हात कुठे जातो ते पाहा.